वाचकांचे प्रश्न : स्नूपिंग चालू आहे, पण विचारणारा कुठाय?

प्रश्न : आमच्या सर्व्हर रूममध्ये दोन नवीन टॉप-ऑफ-रॅक स्विच (रॅकमधले सर्व्हर जोडणारे) बसवले. एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क, क्रमांक १२०) कोरोसिंक २ चं, म्हणजे सर्व्हरना एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरचं, चार नोडचं (सर्व्हरचं) क्लस्टर आहे. सुरू केलं की चारेक मिनिटं नीट चालतं, मग नोड एकमेकांना दिसेनासे होतात. पिंग मात्र चालूच असतं. आयजीएमपी स्नूपिंग (गटांच्या हजेऱ्या ऐकून कोणत्या पोर्टला काय पाठवायचं हे स्विचनं ठरवणं) बंद केलं की सगळं सुरळीत. मग ते बंदच ठेवावं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बंद ठेवू नका. दुखणं त्या चार मिनिटांतच दिसतंय.

सर्व्हर मल्टिकास्ट गटात (एकानं पाठवलेलं अनेकांना मिळतं असा गट) शिरताना आयजीएमपी प्रोटोकॉलनं एक रिपोर्ट पाठवतो. म्हणजे हजेरीच. ती ऐकून स्विच त्या गटापुढं तो पोर्ट लिहून ठेवतो. ही नोंद २६० सेकंद टिकते : १२५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि उत्तरासाठी १० सेकंद. दर १२५ सेकंदांनी कुणीतरी “कोण कोण आहे?” असं विचारलं तरच सर्व्हर पुन्हा हजेरी देतो. विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात, आणि हे काम एरवी मल्टिकास्ट राउटर करतो. तुमच्या व्हीलॅनमध्ये तसा राउटर नसणार. कुणी विचारत नाही, नोंद पुसली जाते, आणि स्विच त्या गटाची पॅकेट देणं थांबवतो. पिंग युनिकास्ट (एकाकडून एकालाच) असल्यानं त्याला काहीच होत नाही. काही स्विच क्वेरियर नसला तर मल्टिकास्ट सगळीकडं पसरवतात. तुमचे जुने बहुधा तसे होते, म्हणून आजवर निभावलं.

स्विचवरच क्वेरियर चालू करा. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर “व्हीलॅन कॉन्फिगरेशन १२०” मध्ये जाऊन “आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर १०.२०.१२०.२” असं द्यायचं. पत्ता त्याच सबनेटमधला (त्या व्हीलॅनच्या पत्त्यांच्या पट्ट्यातला) आणि कुठं न वापरलेला घ्या. ०.०.०.० वर ठेवू नका, तशी विचारणा सगळी उपकरणं मानत नाहीत. दुसऱ्या स्विचवरही क्वेरियर लावा, १०.२०.१२०.३ देऊन. लहान पत्त्याचा जिंकतो, दुसरा गप्प राहून ऐकतो. पहिला बंद पडला तर दुसरा २५५ सेकंद वाट पाहून काम हाती घेतो, नोंदी पुसायच्या जेमतेम आत. त्यामुळं दोन्हीकडच्या वेळा अगदी सारख्या ठेवा, आणि दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर टाकू नका. लाईट आपल्याकडं कधीही जाते.

आता तपासणी. “शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर व्हीलॅन १२०” दोन्ही स्विचवर चालवा. दोन्हीकडं एकच पत्ता दिसला पाहिजे. प्रत्येक स्विच स्वतःलाच क्वेरियर म्हणत असेल तर मधल्या ट्रंकवर (दोन स्विच जोडणाऱ्या लिंकवर) व्हीलॅन १२० ला परवानगी द्यायची राहिली आहे, आधी ती द्या. मग सर्व्हरवर टीसीपीडम्पनं (पॅकेट पाहायच्या साधनानं) आयजीएमपी पाहा : दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ ला विचारणा यायला हवी. चाचणी किमान दहा मिनिटं चालू द्या. एक मिनिट पाहून “झालं” म्हणणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही, कारण पहिली चार मिनिटं तर बिघडलेली मांडणीही नीटच चालते.

कोरोसिंक ३ मध्ये नेहमीची वाहतूक युनिकास्टनं होते. अपग्रेड ठरलंच असेल तर क्लस्टरपुरता प्रश्न मिटेल. पण त्याच व्हीलॅनमध्ये उद्या प्रत्येकी ४ एमबीपीएसचे तीस कॅमेरे मल्टिकास्टवर आले आणि स्नूपिंग बंद असलं, तर १२० एमबीपीएस प्रत्येक पोर्टवर जाऊन आदळेल. क्वेरियर लावूनच ठेवा.

प्रश्न : एका होस्टवर दहा व्हीएम (आभासी सर्व्हर) एकच मल्टिकास्ट स्ट्रीम घेतात. एक व्हीएम बंद केला की बाकी नऊ जणांचं स्ट्रीमही तुटतं, नंतर आपोआप येतं. कशामुळं?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : त्या व्हीलॅनवर फास्ट-लीव्ह चालू असणार. एरवी कुणी गट सोडला की “आणखी कुणी आहे का?” असं एकेक सेकंदाच्या अंतरानं दोनदा विचारलं जातं आणि मगच पोर्ट काढला जातो. फास्ट-लीव्हमध्ये हे विचारणंच गाळलं जातं. शिवाय आयजीएमपी आवृत्ती २ मध्ये एकानं हजेरी दिली की त्या गटातले बाकीचे गप्प बसतात, त्यामुळं पोर्टमागं एक जण आहे की दहा, हे स्विचला कळत नाही. पुढची विचारणा आली की उरलेले पुन्हा हजेरी देतात आणि स्ट्रीम परत येतं. फास्ट-लीव्ह काढा. एका पोर्टमागं एकच ग्राहक असेल तिथंच ते शोभतं.

प्रश्न : क्वेरियर आहे, नोंदी दिसतात, तरी २३९.०.०.२५ चा गट सगळ्या पोर्टवर पसरतो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : पत्ता बदला. मल्टिकास्टच्या मॅक पत्त्यात (आयपीखालच्या पातळीवरचा, स्विच वापरतो तो पत्ता) आयपीचे शेवटचे २३ बिटच जातात, त्यामुळं ३२ गटांना एकच मॅक मिळतो. तुमचा गट ०१:००:५ई:००:००:१९ वर येतो, आणि २२४.०.०.२५ सुद्धा तिथंच. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा राउटिंग प्रोटोकॉलसारख्या कामांचा. तो स्विचला सगळीकडं पाठवावाच लागतो. मॅक पाहून पॅकेट पाठवणारा स्विच दोघांत फरक करू शकत नाही. २३९.१२८.०.२५ घेतलात तरी हेच होईल. संस्थेच्या आतल्या वापरासाठी राखलेल्या २३९.१९२.०.०/१४ मधून २३९.१९२.२५.१० सारखा पत्ता घ्या आणि पाठवणारा व घेणारे, दोन्हीकडं एकदमच बदला.