येऊरला सकाळी फिरायला जायचंय, पण बिबट्याचं काय?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला नुकतेच राहायला आलात, बाल्कनीतून समोर येऊरचा डोंगर दिसतो, पाऊस संपल्यावर तिथे फिरायला जायचं मनात आहे, पण बिबट्याच्या धास्तीने घरचे सोडत नाहीत. जावं की नाही?

जावं. घरचेही अगदी चुकीचं बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वर्तकनगरचा. वागळे इस्टेटमध्ये पाळ्यांची नोकरी केली. रात्रपाळी संपली की झोप यायची नाही, मग तसाच उपवनला जायचो आणि वन खात्याच्या नाक्यावरून वर चढायचो. तेव्हा लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. येऊरचं गणित मला कारखान्यातल्या पाळ्यांसारखं वाटतं. दिवस आपला, रात्र त्याची. भानगड होते ती पाळी बदलायच्या वेळेला, म्हणजे झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजा. आमच्याकडेही एक पाळी निघते आणि दुसरी मशीनवर उभी राहते, त्या दहा मिनिटांतच बोटं जायची.

इथे ठाणेकरांची एक गोची आहे, ती बोरिवलीकरांना नाही. आपण डोंगराच्या पूर्वेला. सकाळचं ऊन आपल्याकडे थेट येतं, पण संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास असतो खरा, पण येऊरच्या या उतारावर आणि ओढ्यांत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. म्हणून संध्याकाळचा बेत करूच नका. सकाळीसुद्धा लख्ख उजाडल्यावर, सातच्या आसपास आत शिरा. पाचला उठून हेडटॉर्च लावून जाणारे उत्साही लोक मला भेटतात. त्यांना मी नमस्कार करतो, सोबत जात नाही.

बिबटे आहेत का? आहेत, आणि चांगले भरपूर आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, येऊर हा त्याचाच ठाण्याकडचा भाग. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. बरं, त्यांना भेटायला जंगलातच जावं लागतं असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या थेट ठाण्यातल्या कोरम मॉलच्या आवारात आला होता आणि नंतर जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडलं. त्यामुळे घरच्यांना सांगा, बिबट्या टाळायचा म्हणून मॉलमध्ये जाण्यात तसा अर्थ नाही.

पण गमतीपलीकडचंही सांगायला हवं. २००४ साली या जंगलाच्या कडेने हल्ल्यांचं सत्रच सुरू झालं होतं. दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात, हे त्यामागचं एक कारण अभ्यासकांनी पुढे मांडलं. २०२२ च्या दिवाळीत आरे कॉलनीत एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. बहुतेक हल्ले लहान मुलांवर, किंवा अंधारात वाकलेल्या, उकिडव्या बसलेल्या माणसावर होतात. उभा, बोलत चालणारा मोठा माणूस सहसा बिबट्याच्या खिजगणतीत नसतो. तेव्हा पोरं बरोबर असतील तर हात धरूनच चालवा, पुढे पळू देऊ नका. फुलाचा फोटो काढायला झुडपापाशी उकिडवं बसायचं असेल तर सोबतच्याला शेजारी उभं करा. एकट्याने जाऊच नका.

आणि कुत्री. माझ्याबरोबर पाड्यावरचा एक लालसर कुत्रा रोज यायचा. मी खिशात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा ठेवायचो, हळूहळू चार-पाच जण जमायला लागले. एक दिवस वनरक्षकाने थांबवलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही कुत्र्यांना नाही खायला घालत, बिबट्याचा डबा भरताय." खरंच होतं ते. भटकी कुत्री हा इथल्या बिबट्याच्या खाण्यातला मोठा वाटा आहे. जिथे कुत्री गोळा होतात तिथे तो येतो. पुडा बंद केला. लाल्या नंतरही काही दिवस आला, मग यायचा थांबला. मी कोणाला विचारलं नाही.

एवढ्या वर्षांत मला बिबट्या दोनदाच दिसला. एकदा रस्त्यावर, रिक्षातून. दुसऱ्यांदा पायी. थांबून पाणी पीत होतो, तेवढ्यात वीस-पंचवीस पावलांवर त्याने वाट ओलांडली. शेपटीचं टोक वर वळलेलं, त्याची खालची बाजू पांढरी, तेवढंच नीट आठवतं. आमच्याकडे एकदा बघितलं आणि कारवीच्या झुडपांत शिरला. भानावर आलो तेव्हा बाटली तिरकी होऊन अख्खं पाणी बुटात गेलं होतं. असं झालं तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली बसायचं नाही. उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरायचं. मोबाइल काढून त्याच्या मागे जाणाऱ्यांना काय सांगणार!

आता सुखाची गोष्ट. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सोडून द्या, उकाड्याने जीव जातो आणि गवत कमरेएवढं असतं. खरी मजा दिवाळीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. सकाळी गवतावर दव, ओढ्यात अजून घोटाभर पाणी, तेरडा सुकत आलेला. धोबी पक्षी शेपटी हलवत वाटेवर पुढे पुढे पळतात, ते आले की समजायचं थंडी निघाली आहे. कारवीचा मोठा बहर मात्र आठ वर्षांनी येतो. २०१६ ला पाहिला, परत २०२४ ला. तो आता तुम्हाला बराच काळ मिळणार नाही, त्याला इलाज नाही.

कोळ्यांचाही हाच हंगाम. इथला मोठा कोळी, म्हणजे खरं तर मादीच, वाटेच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत जाळं ताणते, आणि बरोबर आपल्या नाकाच्या उंचीवर. ऊन तिरकं आलं की धागा पिवळाजर्द चमकतो. हात लावून बघा, शिवणाच्या दोऱ्यासारखा ताण असतो त्याला. त्याच जाळ्यात कोपऱ्याला एक इवलासा किडा दिसेल, तो नर. आमच्यात पुढे चालणाऱ्याने काठी तोंडासमोर उभी धरायची असा नियम आहे. नवीन माणसाला आम्ही मुद्दाम पुढे ठेवतो.

हे सगळं दिसतं ते बिबट्यामुळेच, असं माझं मत आहे. उपवनच्या तलावाला फेऱ्या मारताना मी शेअर बाजाराचा विचार करतो. येऊरला तो सुचत नाही, कान उघडे ठेवावे लागतात. वानर नुसता हुप्प करतोय की खाकरतोय, हा फरक तुम्हाला महिनाभरात कळेल. एकाच जागेकडे तोंड करून वानरं सारखी खाकरत असतील, किंवा भेकर, म्हणजे छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकत राहिलं, तर तिथूनच मागे फिरायचं. त्या दिवसाचं फिरणं झालं.

पाड्यावरचे लोक बिबट्याला सरळ वाघच म्हणतात. वारली वाघोबाला देव मानतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. त्यांच्यापैकी कोणी "आज त्या अंगाला नको" म्हणालं तर वाद घालू नका.

मला विचाराल तर बिबट्यापेक्षा पायाखाली लक्ष द्या. पावसानंतर साप उन्हाला येतात. घोणस पावलांची चाहूल लागली तरी हलत नाही, वाळक्या पानांत पानांसारखीच पडून राहते, फार जवळ गेलात तर शिटी न झालेल्या कुकरसारखी फुसफुसते. बूट घाला, दिसत नाही तिथे पाय टाकू नका. चावलंच तर कापू नका, आवळून बांधू नका, हातपाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. आग्या मोहोळ दिसलं तर गप्प मागे फिरा. अत्तर, सिगारेट तर नकोच.

डिसेंबरकडे खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. मला आजवर जंगलात ज्याने खरंच धरलं ते हेच. मानेवर शेंगेवरचं खाजरं कूस पडलं आणि मी शहाण्यासारखा रुमालाने चोळलं. पाड्यावरच्या एका मावशींनी शेण आणून दिलं, मी लाजून नको म्हटलं आणि घरी येईपर्यंत रस्त्याने नाचत आलो. पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा शर्ट घाला.

राहिली परवानगी. हे राष्ट्रीय उद्यान आहे, कुठूनही घुसता येत नाही. तुमच्या सोसायटीच्या मागून भिंतीला भगदाड पाडून वाट केलेली असेल, लोक ती दाखवतीलही, तिथून जाऊ नका. नाक्यावर जाऊन कोणत्या वाटेने, कुठपर्यंत, किती वाजेपर्यंत जाता येतं ते विचारा आणि तेवढंच जा. वन खात्याचा १९२६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा, घरच्यांच्याही. पहिल्या खेपेला त्यांनाच घेऊन या. रविवार नको, गर्दी असते.