वाचकांचे प्रश्न : काजूच्या कारखान्यातला थिसिस

प्रश्न : मुंबईत एम.ओ.टीएच.च्या (व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी किंवा ओटी, त्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षाला आहे. गावाकडच्या काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या हातांवर थिसिस करायचा विचार आहे. ग्रिप स्ट्रेंग्थ (मुठीच्या पकडीचा जोर) आणि दुखण्याची प्रश्नावली घ्यायचं ठरवलंय. गाईडना विषय पसरट वाटतो. तो आटोपशीर कसा करावा आणि किती जणी घ्याव्यात?
– एक विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : गाईडचं बरोबर आहे. ‘काजू कारखान्यातल्या बायका’ हा एक गट नव्हे. फोडणीवरची, म्हणजे काजूचं टरफल फोडणारी, बाई कटर मशीनपाशी पॅडल आणि दांडा चालवते. सोलणीवरची बाई भाजलेल्या गराची तांबडी साल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून छोट्या सुरीने काढते, दिवसभर, मान खाली घालून. दोघींचे हात वेगवेगळ्या कारणांनी दुखतात. एकच गट घ्या. आमच्या मते सोलणीचा घ्यावा. चिमटीवर इतका भार टाकणारं काम शोधूनही सापडायचं नाही.

मात्र सोलणी घेतलीत तर ग्रिप मोजणाऱ्या नुसत्या डायनॅमोमीटरवर भागणार नाही. तो अख्ख्या मुठीची पकड मोजतो आणि सोलताना मूठ वळतच नाही. पिंच गेज, म्हणजे चिमटीचा जोर मोजणारं साधन, घ्या. टिप (बोटांच्या टोकांची), की (किल्ली धरल्यासारखी) आणि तीन बोटांची अशा तिन्ही चिमट्या प्रत्येकी तीनदा मोजून सरासरी काढा. ग्रिप जोडीला असू द्या, पण ठरलेल्या पद्धतीने : बाई खुर्चीवर, दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, अंगठा वरच्या बाजूला, जामार डायनॅमोमीटरचा दांडा दुसऱ्या खाचेत. कारखान्यात पाठीची खुर्ची मिळेलच असं नाही, घडीची एक सोबत न्या. बाकड्यावर बसलेली बाई जोर लावताना पुढे झुकते, कोपर सुटतं आणि आकडा बिघडतो.

आकडा बिघडण्याचं आणखी एक कारण तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसेल. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून फोडणीवर हाताला तेल किंवा राख चोळतात. तुलनेसाठी फोडणीवरच्या काही जणी घेणार असाल, तर त्या तेलकट हाताने दांडा धरतील आणि तो निसटेल. तुम्ही लिहाल ‘पकड कमी’, खरं तर हात बुळबुळीत होता. मोजायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा, कोरडे पुसू द्या आणि हे पद्धतीत लिहून ठेवा. बोटांना भेगा असतील तर त्याची वेगळी नोंद करा. भेग दुखते म्हणूनही बाई पुरता जोर लावत नाही.

प्रश्नावली नॉर्डिकच घ्या, स्नायू-सांध्यांच्या दुखण्याची ती ठरलेली प्रश्नावली आहे. शरीराचे ९ भाग, गेले १२ महिने आणि गेले ७ दिवस. तिचं मराठी करताना ‘डिसकम्फर्ट’ला ‘अस्वस्थता’ लिहू नका. अस्वस्थता म्हटलं की बाई घरातल्या काळज्या सांगायला लागते. ‘दुखतं, ठणकतं, भरून येतं, मुंग्या येतात’ असं विचारा. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करून घ्या आणि पाच-सहा बायकांना वाचून दाखवा. ‘गेले बारा महिने’ हेही हवेतच राहतं. ‘गेल्या शिमग्यापासून आतापर्यंत’ म्हटलं की हिशेब जुळतो, अर्थात माहिती शिमग्याच्या आसपास घेत असाल तर. गणपतीत जाणार असाल तर गणपतीपासून मोजा.

आता संख्या. दुखण्याचं प्रमाण ठाऊक नसेल तर ५० टक्के धरतात. १० टक्के चूक चालवून घेतली तर सूत्राने ९६ येतात. तुमच्या आवाक्यातल्या कारखान्यांत सोलणाऱ्या मिळून १५० च असतील, तर मर्यादित संख्येची दुरुस्ती लावा : ९६ भागिले १.६३, म्हणजे ५९. दहा टक्के गळती धरून ६६. एकट्या मुलीला पेलेल असा हा आकडा आहे. चूक ५ टक्क्यांवर आणायला गेलात तर मूळ आकडाच ३८४ होतो.

अडचण येते ती मजुरीपाशी. सोलणी बहुतेक ठिकाणी वजनावर असते, तुमची वीस मिनिटं म्हणजे तिचे पैसे. जेवणाच्या सुट्टीत घेऊ म्हणाल तर ती सुट्टी तिची आहे. बुडालेल्या वेळेची भरपाई सिनॉप्सिसमध्येच (थिसिसच्या आराखड्यात) लिहा, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोर ती आधीच जाईल. मुकादमाच्या देखत दुखणं विचारू नका, सगळ्या जणी ‘काय नाय दुखत’ म्हणतील. सही न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना साक्षीदार कारखान्यातला नको. आणि सगळ्यांची मोजणी एकाच वेळी करा, कामाआधी तर कामाआधीच. सकाळची चिमटी आणि संध्याकाळची चिमटी एका तक्त्यात घातलीत तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

प्रश्न : ट्रॉलरवरच्या खलाशांना खांदेदुखीसाठी व्यायाम शिकवून फरक पाहायचा आहे. एथिक्सची मंजुरी मे महिन्यात मिळेल. लगेच सुरू करू का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : दोन अडथळे आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशी गावी जातात आणि जे राहतात त्यांचा खांदा जाळं ओढायचं थांबल्यामुळे आपोआप हलका होतो. तो गुण तुमच्या व्यायामाच्या नावावर जमा होईल. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्यावर दोनेक आठवडे जाऊ द्या, मग पहिली मोजणी करा.

दुसरा अडथळा असा की तुम्ही उपचार देणार आहात, म्हणजे ही ट्रायल झाली. पहिला खलाशी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे स्वीकारत नाहीत. एथिक्सचं पत्र हातात आलं की जून-जुलै त्यातच घालवा.

प्रश्न : भाऊ फिजिओथेरपिस्ट आहे, तो एम.ओ.टीएच. करू शकेल का? आणि नोकरी सांभाळून हे घरबसल्या होतं का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : दोन्हींना नाही. त्याला व्यवसायोपचाराचीच पदवी लागते आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, रोज वॉर्ड आणि ओपीडी असते. (ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे, हे घरी एकदा सांगून ठेवा.) राज्यातल्या प्रवेशांसाठी सीईटी सेलची पीजीओ-सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. कटक आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय संस्थांची परीक्षा वेगळी असते. अलिबागहून सर्वांत जवळ मुंबईच : केईएम, नायर, सायन किंवा हाजीअलीची पुनर्वसन संस्था. यातल्या केईएममध्ये हे शिक्षण १९५० साली कमला निंबकरांनी सुरू केलं. रोजच्या जाण्यायेण्याचा विचार मात्र करू नका. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते आणि वॉर्डातली सकाळ लवकर सुरू होते.