'मी विचारलं होतं का हो त्यांना?'

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य माझ्यासमोर बसून इतक्या जणींनी म्हटलंय की सुरुवातीचे दोन शब्द कानावर पडले की पुढचं सगळं काय येणार ते कळतं. कोणी रांगोळीच्या ग्रुपमधली असते, कोणी टेरेसवर बाग करणारी, कोणी केक करायला शिकलेली. पण अलीकडे माझ्याकडे सगळ्यात जास्त येतायत त्या गोधडी आणि क्विल्टिंगवाल्या, म्हणजे कापडाचे थर एकत्र टाचून रजया-गोधड्या करणाऱ्या. छंद म्हणून सुरू केलेलं असतं, मन रमावं म्हणून, आणि सहा महिन्यांत त्याच छंदावरून झोप उडालेली असते, कारण कोणीतरी न विचारता काहीतरी बोललेलं असतं.

म्हणून आज एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. गोष्ट एकीची नाही, दोघी-तिघींच्या सेशनमधलं एकत्र केलंय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांना आपण सुमनताई म्हणू.

सुमनताई नाशिकच्या इंदिरानगरच्या, ऑफिसातून रिटायर झालेल्या, मुलगा-सून पुण्याला. हात रिकामे बसेनात म्हणून यूट्यूबवर बघून क्विल्टिंग सुरू केलं आणि मग गंगापूर रोडच्या बाजूला एका बंगल्यात दर शनिवारी काही बायका जमतात तिथे जायला लागल्या. पहिली मोठी गोधडी घेतली ती आठ बाय आठ चौकोनांची, मेन रोडवरून आणलेले कटपीस, आईच्या दोन जुन्या सुती साड्या, मध्ये पातळ कापूस, खाली अस्तर, आणि वरून हाताने धावदोरा. हाताने एवढी गोधडी टाचायची म्हणजे काय काम असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती. पूर्ण झाली तशी त्यांनी ती ग्रुपमध्ये उलगडून दाखवली, सगळ्या वा वा करत होत्या, आणि एक सिनियर काकू पुढे आल्या, गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जोड कुठेच जुळले नाहीत गं. आणि हा लाल कपडा आधी धुऊन घेतला होतास का? नाही ना? पहिल्याच धुण्यात सगळीकडे उतरेल बघ."

एवढंच. मग चहा आला, विषय बदलला, पण सुमनताईंसाठी तो बदललाच नाही. घरी येऊन गोधडी कपाटात सगळ्यात वरच्या खणात गेली, शनिवारी जाणं बंद झालं, ग्रुप म्यूट केला, आणि रात्री दोन वाजता जाग आली की डोक्यात तीच दोन वाक्यं.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी होती. "मॅडम, मी तेव्हा काय बोलायला हवं होतं ते सांगा. पुढच्या वेळी गप्प बसायचं नाहीये मला."

बहुतेक जणी हेच मागतात, सणसणीत उत्तर. मी ते लगेच देत नाही. उत्तर तोंडपाठ करून गेलेली बाई त्या खोलीत बसते ती तलवार उपसूनच, कोण कधी बोलतंय याची वाट बघत, आणि मग शिवण्यात लक्ष कुठून राहणार? आधी लागलंय कुठे ते बघावं लागतं.

घरच्यांनी समजूत घातलीच होती. मिस्टर म्हणाले सोडून दे, मैत्रीण म्हणाली ती जळते, सून फोनवर म्हणाली आई किती सुंदर झालीये. कशाचाच उपयोग झाला नाही आणि त्याचं कारण मला पहिल्या भेटीतच दिसलं. मी विचारलं,

"त्या काकू म्हणाल्या ते खरं होतं की खोटं?"

बराच वेळ काही नाही. मग, "म्हणजे... जोड नाहीच जुळलेत."

आणि मग त्यांनीच मला हिशोब समजावून सांगितला. पॅचवर्कमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडताना, शिवण पाव इंचाची धरतात. ती अर्ध्या सुताने (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरी जास्त गेली तरी प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूच्या तुकड्यांतून कपडा खाल्ला जातो, आठ चौकोनांच्या रांगेत सात जोड, म्हणजे चौदा वेळा अर्धं सूत, एक रांग दुसरीपेक्षा जवळजवळ इंचभर आखूड. मग कोपरे जुळणार कसे! हे सगळं त्यांना काकूंच्या आधीपासून माहिती होतं.

"मग काकू खरं बोलल्या."

"हो, पण बोलायचं कशाला? मी विचारलं नव्हतं."

"नव्हतंच विचारलं. पण समजा तुमच्या यूट्यूबवाल्या बाईंनी व्हिडिओत म्हटलं असतं की पहिल्या गोधडीत बहुतेकांचे जोड जुळत नाहीत, तर?"

"तर हसले असते मी. म्हटलं असतं, अगदी माझंच."

"आणि काकूंच्या तोंडून तेच आलं तर झोप गेली."

इथे त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाल्या, "सगळ्यांसमोर हो. सगळ्यांना कळलं ना की सुमनला काही धड येत नाही."

हे वाक्य नीट बघा. काकूंनी जोडाबद्दल सांगितलं, लाल कपड्याबद्दल सांगितलं. 'सुमनला काही धड येत नाही' हे त्या खोलीत कोणीही म्हटलं नव्हतं. चौकोनाच्या कोपऱ्यापासून अख्ख्या माणसापर्यंतची उडी सुमनताईंनी मनातल्या मनात, क्षणात मारली होती, आणि रात्री दोनला जे टोचत होतं ते हे स्वतःचं वाक्य होतं. म्हणून तर 'छान झालीये गं' म्हणणाऱ्यांचा उपयोग होत नव्हता, ते सगळे गोधडीची बाजू घेऊन बोलत होते आणि खटला गोधडीवर चाललेलाच नव्हता.

मी ज्या विचारसरणीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ विचारसरणी, १९५५ पासून त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. बाकी थिअरी इथे नको, पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. टीका खोटी आहे असं पटवून माणसाला बरं वाटवू नका, ती खरी आहे असं धरा आणि मग विचारा, बरं, पुढे काय? खरी असूनही ती सोसता आली की खोटी टीका तर आपोआप सोसता येते.

पुढच्या भेटीला सुमनताई खुशीत आल्या. त्यांना मोबाईलवर जीज बेंडच्या गोधड्या सापडल्या होत्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात हे छोटं गाव आहे, गुलामीत राहिलेल्यांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यानपिढ्या जुन्या, विटलेल्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या, रेषा तिरक्या, पट्ट्या कमी-जास्त, आणि २००२ मध्ये त्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये लागलं, २००६ मध्ये तर त्यांच्यावर अमेरिकेत पोस्टाची तिकिटं निघाली. "बघा मॅडम, वाकडं असलं म्हणून काय झालं!"

गोधड्या अप्रतिमच आहेत, मी पण बघत बसले. पण मी त्यांना म्हटलं, "सुमनताई, आणि म्युझियमने घेतल्या नसत्या तर? तर त्या बायकांची किंमत कमी झाली असती?"

त्या गप्प झाल्या. काकूंचा निकाल फिरवायला त्या आता न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टात गेल्या होत्या. माझं म्हणणं होतं की केसच मागे घ्या. गोधडी चांगली की वाईट हे जरूर ठरवावं, त्याशिवाय हात सुधारत नाही, पण सुमन नावाचं माणूस चांगलं की वाईट हे कुठल्याच गोधडीवरून ठरत नाही, म्युझियमच्या नाही आणि कपाटातल्या पण नाही. डोक्याला पटलं. पोटात उतरलं नाही. ते बोलून उतरतही नाही, करून बघावं लागतं.

मग मी त्यांना एलिसचीच गोष्ट सांगितली. ते १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. त्यांनी ठरवलं, एक महिना न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. शंभरेक जणींशी बोलले, एकच भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही. पण कोणी आरडाओरडा केला नाही, आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली ती गेलीच.

गृहपाठ असा दिला: एक छोटं आसन शिवायचं, त्यात एक पट्टी मुद्दाम उलटी लावायची, कपड्याची उलट बाजू वर, आणि ते घेऊन शनिवारी ग्रुपमध्ये जायचं. कोणी बोललं तर कारण सांगायचं नाही, मॅडमनी सांगितलंय असंही नाही, सॉरी नाही, हसून सारवासारव नाही. जे खरंय तेवढं म्हणायचं आणि शिवत राहायचं. सुमनताईंचा चेहरा पडला, "मॅडम, हे तर मला मरणच आहे." दोन शनिवार त्यांनी टाळले. मी घाई केली नाही, आसन शिवून तयार होतं, म्हणजे अर्धं काम झालेलंच होतं.

तिसऱ्या शनिवारी गेल्या. आणि काकूंची नजर ती, पहिल्या पाच मिनिटांत, "अगं, ही पट्टी उलटी लागलीये."

सुमनताई मला सांगत होत्या, "मॅडम, कानशिलं तापली, हाताला घाम, सुई सटकत होती. तोंडावर आलं होतं की घाईत झालं, चष्मा नव्हता, काहीही. पण मी म्हटलं, 'हो, उलटी आहे.'"

"मग?"

"मग त्या बघत राहिल्या माझ्याकडे. मी पुढे काहीतरी बोलेन असं वाटलं असणार. मी टाका घातला. मग म्हणाल्या, उसव की मग. मी म्हटलं, नाही, राहू दे. आणि त्या 'बरं' म्हणाल्या. बरं म्हणाल्या मॅडम! आणि पलीकडच्या ताईंचं बाइंडिंग, कडेची पट्टी, बघायला गेल्या."

हे सांगताना त्या हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही. म्हणाल्या, "तिथे बसल्या बसल्याच कळलं की हिला पट्टी दिसली, मी दिसलेच नाही. ती मला बघतच नव्हती. मीच बघत होते तिच्या डोळ्यांनी."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण हे वाक्य मी त्यांना दिलेलं नव्हतं, ते त्यांचं त्यांना सापडलं. समुपदेशक म्हणून ज्या क्षणासाठी मी थांबून राहते तो हाच.

आणि त्यानंतर जे झालं ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. त्याच आठवड्यात त्यांनी कपाटातली गोधडी काढली, पांढरं फडकं ओलं करून लाल तुकड्यावर दाबून धरलं, फडकं गुलाबी झालं. काकू लाल कपड्याबद्दल पण बरोबर होत्या! पण आता ही नुसती माहिती होती. लाल तुकडे उसवून त्या जागी आधी भिजवून, रंग जातो का बघून, वाळवून इस्त्री केलेला मरून कपडा लावला. आणि न जुळलेले जोड? ते तसेच ठेवले, त्यांना चालत होते. म्हणजे दोन शेऱ्यांतला एक घेतला, एक सोडला. लागलेलं असताना असं निवडता येत नाही, तेव्हा एकतर सगळं झिडकारलं जातं नाहीतर सगळं गिळलं जातं.

आता ज्या मैत्रिणी यातून जातायत त्यांच्यासाठी थोडं.

शेरा आला की आधी एवढंच बघा की ही माहिती आहे की आवड. 'रंग जाईल', 'अस्तर आटेल', 'शिवण कमी पडलीये उसवेल' ही माहिती, बोलणारीचा सूर कसाही असो, ती पदरात पाडून घ्यावी. 'मी असा पिवळा घातला नसता', 'हाताने टाचलेलीच खरी गोधडी, मशीनची काय' ही तिची आवड, त्यावर 'मला आवडतो पिवळा' एवढं पुरे. वाद घालायचा नाही, पटवायचं तर अजिबात नाही.

उत्तर छोटं ठेवा. 'हो, तिथे जुळलं नाही.' 'आत्ता नको, पूर्ण झाली की मीच विचारेन.' शेवटचं वाक्य तर सगळ्या नवशिक्यांनी पाठ करावं, कारण अर्धवट कामावर आलेली सूचना चांगली असली तरी हात थांबवते.

दाखवतानाच स्वतःच्या चुका वाचायची सवय सोडा. 'फार काही नाही झालं, इथे वाकडं गेलंय, सांभाळून घ्या' असं म्हणत घडी उलगडली की समोरची आपोआप परीक्षकाच्या खुर्चीत बसते. काय हवंय तेच म्हणा, 'आज फक्त दाखवायला आणलीये' किंवा 'कोपऱ्याचं काय करू सांगा'.

परदेशातल्या क्विल्टिंगवाल्या बायका अशा चुका काढणाऱ्यांना 'क्विल्ट पोलीस' म्हणतात, आपल्याकडच्या ग्रुपमध्ये पण आता हे ऐकू येतं. मला ते नाव पसंत नाही. एकदा पोलीस म्हटलं की तिचं खरं बोलणं पण कानाआड जातं, आणि अशा काकू बहुतेक वेळा ग्रुपमधल्या सगळ्यात जाणकार असतात. काकूंनाही मी एक सांगेन, तुमचं बरोबर असतं हो, पण 'सांगू का एक?' असं आधी विचारलंत आणि चारचौघांऐवजी बाजूला घेऊन सांगितलंत तर तुमची तीच माहिती दहापट कामाला येईल.

आणि दर वेळी तुम्हालाच लक्ष्य करून टिंगल होत असेल, कामाचं सोडून शिक्षण, घर, नवरा यावर बोलणं जात असेल, तर ते सोसायचं नाही. एकदा एकटीला गाठून शांतपणे सांगायचं की हे मला चालणार नाही, आणि थांबलं नाही तर ग्रुप बदलायचा, त्यात हार-जीत काही नाही. सिडकोतल्या एका ताईंनी हेच केलं, आता त्या आणि अजून दोघी मंगळवारी दुपारी एकीच्या घरी बसून शिवतात.