पासपोर्टचे नूतनीकरण करा, पण पडताळणी संपेपर्यंत नाव बदलू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळींपाशी थांबले. पती अमेरिकेचे नागरिक, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत स्थलांतर व्हिसाची मुलाखत होऊन नऊ महिने झालेले, हातात २२१(जी)चा, म्हणजे पडताळणीसाठी व्हिसा थांबवल्याचा कागद, त्यापाठोपाठ आलेली डीएस-५५३५ ही प्रश्नावली भरून दिलेली, संकेतस्थळावर प्रकरणापुढे 'रिफ्यूज्ड' हा शब्द, आणि तुम्ही कर्वेनगरला माहेरी. इथपर्यंतची हकीकत अनेकींची असते. परंतु पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपत आहे, तेव्हा नूतनीकरण करतानाच सासरचे नाव लावून घ्या, 'म्हणजे सगळे कागद एकसारखे होतील', असे तुम्हाला एका सल्लागाराने सुचवले आहे, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. २०१९ साली पुण्यातच मला जवळजवळ याच शब्दांत हा सल्ला मिळाला होता. मी तो मानला आणि त्याची किंमत अनेक महिने मोजली. तुम्ही अजून अर्ज केलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी वकील नाही. माझा अनुभव एकाच प्रकरणाचा आहे, आणि मधल्या काळात नियमांत बदल झालेले आहेत. त्यामुळे आकडे आणि मुदती अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहाव्यात.

'रिफ्यूज्ड' या शब्दाविषयी एवढेच सांगते की आमच्या वेळी त्या जागी 'प्रशासकीय प्रक्रिया' अशा अर्थाचे शब्द दिसत असत. २०२० पासून २२१(जी)खाली थांबलेल्या प्रकरणांनाही 'रिफ्यूज्ड' असेच दाखवले जाते. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील त्या कलमाचा अर्थ, आज उपलब्ध असलेल्या माहितीवर व्हिसा देता येत नाही, इतकाच आहे. आईवडिलांना हे नीट समजावून सांगा, कारण घरात तो शब्द एकदा कानावर पडला की सगळ्यांची झोप उडते.

आता माझ्या चुकीकडे येते. आमचे लग्न फेब्रुवारी २०१७ मधले. त्याच वर्षी यजमानांनी आय-१३० हा पत्नीसाठीचा अर्ज भरला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात माझी मुलाखत झाली. त्या दिवसापर्यंत माझे सर्व कागद माहेरच्या नावाने होते: माझे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. विवाह नोंदणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात झालेली होती आणि त्या प्रमाणपत्रावरही माझे लग्नापूर्वीचेच नाव होते. म्हणजे कागद एकसारखेच होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पासपोर्टची मुदत संपायला सहा महिने उरले, तेव्हा शहराच्या मध्यवर्ती भागातील एका व्हिसा-सल्लागाराच्या कार्यालयात मी विचारायला गेले. तिथल्या गृहस्थांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. लग्न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव पाहून अमेरिकेचे अधिकारी लग्नाविषयी शंका घेतात, असे त्यांनी ठामपणे सांगितले आणि फी घेऊन नावबदलासह नूतनीकरणाचा अर्ज भरून दिला. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात सगळे सुरळीत पार पडले, नवा पासपोर्ट घरी आला, आणि आईने तो देवापुढे ठेवला.

आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते तेव्हा नेमके काय होते, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता. इतरत्र नाव बदललेच तर बहुधा फक्त आडनाव बदलते. आपल्याकडे मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी पतीचे येते. पासपोर्टमध्ये तर स्वतःचे नाव आणि मधले नाव एकाच रकान्यात छापलेले असते, त्यामुळे त्या रकान्याचा अर्धा भाग आणि आडनावाचा पूर्ण रकाना असे दोन्ही बदलतात. उरते ते फक्त पहिले नाव, आणि माझे पहिले नाव असे की शाळेत एका वर्गात आम्ही तिघी होतो. ही पडताळणी मुख्यतः नाव आणि जन्मतारीख यांवर चालते. एका नावावर सुरू झालेल्या पडताळणीच्या मध्यावर मी स्वतःच्या हाताने दुसरे नाव आणि दुसरा पासपोर्ट क्रमांक पुढे केला होता.

जूनमध्ये वकिलातीकडून पत्र आले. त्यांनी जे मागितले ते त्यांच्या जागी कोणीही मागितले असते: नव्या नावाने पीसीसी (गुन्हेगारी नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला), आजवर वापरलेल्या सर्व नावांची यादी, दुरुस्त केलेला डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज आणि नावबदलाचा पुरावा. पीसीसीसाठी पोलीस पडताळणीला आले तेव्हा दारावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर यजमानांचे, आणि आधार कार्ड, बँकेचे खाते व पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे. आधी आधार बदला, मग बँक बदला, मग पुन्हा या, असे करता करता सात आठवडे गेले. मी पुन्हा त्या सल्लागाराकडे गेले, तेव्हा 'तुम्हीच सही केली आहे ना?' एवढेच उत्तर मिळाले. सही मीच केली होती हे खरे आहे. पण ज्या माणसाने फाइल न उघडता सल्ला दिला आणि त्याचे पैसे घेतले, त्याने हे म्हणावे याचा मला आजही राग येतो. अशा कार्यालयांना उत्तरदायित्व नसते. अमेरिकेच्या कायद्याचा परवाना असलेला वकील आणि अर्ज भरून देणारा सल्लागार यांतील फरक आपल्या लोकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवा. व्हिसा अखेर डिसेंबर २०१९ मध्ये मिळाला. पडताळणी नव्या नावाने पहिल्यापासून झाली, असे मला कोणी लेखी कळवले नाही. पत्रांच्या तारखा मांडून पाहिल्यावर मी काढलेला तो निष्कर्ष आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझे मत असे: पासपोर्टचे नूतनीकरण अवश्य करा, कारण व्हिसा देताना पासपोर्टची पुरेशी मुदत शिल्लक असावी लागते आणि मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मात्र नाव अक्षरशः जसेच्या तसे ठेवा. स्वतःचे नाव न बदलता पासपोर्टवर पतीच्या नावाची नोंद करता येते, आणि लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, ना इथे ना तिथे. सासरच्या मंडळींना वाईट वाटत असेल तर त्यांना सांगा की पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना न्यायालयामार्फत नाव बदलून घेण्याची सोय असते. रद्दचा शिक्का मारलेला जुना पासपोर्ट फेकू नका, दोन्ही एकत्र ठेवा.

नावाविषयी आणखी एक गोष्ट, जी माझ्याही ध्यानात उशिरा आली. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सासरचे नवे नाव लिहिण्याची पद्धत तुमच्याकडे झाली असेल, आणि ते नाव पुढे कोणत्याही कागदावर गेले असेल, तर ते 'वापरलेली इतर नावे' या रकान्यात लिहायला हवे. माझे ते नाव सासरच्या रेशनकार्डावर गेले होते आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

डीएस-५५३५ तुम्ही भरून दिली आहे, म्हणून त्याविषयी थोडेच लिहिते. त्यात पंधरा वर्षांचे प्रवास, पत्ते आणि नोकऱ्या, प्रवासाचा खर्च कोणी केला, आणि पाच वर्षांतील फोन क्रमांक, ईमेल व समाजमाध्यमांवरील खाती विचारतात. पाठवलेल्या उत्तरांची प्रत तुमच्याजवळ नसेल तर ईमेलमधून आजच काढून डीएस-२६० शेजारी ठेवा आणि तारखा जुळवा. मी दोन दिवसांत, घाईने, आठवणीतून भरली होती. क्वालालंपूरला कंपनीच्या कामासाठी सात महिने होते ती नोंद एका अर्जात एका महिन्याने पुढे सरकली होती. चूक सापडली तर सगळ्या दुरुस्त्या एकाच पत्रात कळवा. रोज एक ईमेल पाठवण्याचा मोह होतो, मलाही झाला. त्याने मनाला तासभर बरे वाटते, परंतु प्रकरणात गोंधळ वाढतो. मागितलेला कागद एका वर्षाच्या आत दिला नाही तर अर्ज आणि फी पुन्हा भरावी लागते, म्हणून एखादा कागद द्यायचा राहिला नाही ना, हेही पाहा.

वैद्यकीय तपासणी साधारणपणे सहा महिनेच ग्राह्य असते, तेव्हा तुमची बहुधा संपली आहे. ती आपणहून पुन्हा करू नका. वकिलात सांगेल तेव्हाच करा, नाहीतर तीही वाया जाते. लसीकरणाची नोंद मात्र जपून ठेवा, म्हणजे घेतलेले डोस पुन्हा घ्यावे लागत नाहीत. पीसीसी आता दोन वर्षे ग्राह्य धरतात. ती पासपोर्ट सेवेमार्फत काढलेलीच लागते. नोकरीसाठी पोलीस आयुक्तालयातून काढतात ते चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र चालत नाही. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीने तेच नेले होते.

नोकरी सोडली नसेल तर सोडू नका. मुलाखतीची तारीख आली त्याच आठवड्यात मी हिंजवडीतील नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढचे चौदा महिने माहेरी बसून होते. 'कधी निघणार?' या प्रश्नाला रोज उत्तर देणे आईला माझ्यापेक्षा जड गेले. शेवटी तिने संध्याकाळी कमला नेहरू उद्यानात फिरायला जाणे बंद केले, कारण तिथे ओळखीच्या बायका भेटत. तुमच्या आईला हे सांगण्याची मुभा द्या की तारीख आम्हालाही माहीत नाही. आम्ही हे वाक्य फार उशिरा उच्चारले, आणि उच्चारल्यावर घर शांत झाले.

पतीने आपल्या मतदारसंघातील अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या (संसदेच्या) सदस्याकडे लेखी संमतीचा अर्ज भरून चौकशी करवावी. त्याला फी नसते आणि त्याने नुकसान होत नाही. त्याने पडताळणी लवकर संपते असे मी म्हणणार नाही, पण आमच्या बाबतीत कागद अडकण्याचे कारण दोन नावांतील तफावत हेच आहे, हे पहिल्यांदा त्या चौकशीच्या उत्तरातून कळले.

मॅन्डेमसचा, म्हणजे सरकारी खात्याला अडलेले काम पूर्ण करण्याचा आदेश मागणारा दावा लावावा का, असेही तुम्ही विचारले आहे. फेडरल जिल्हा न्यायालयात दाव्याची फी ४०५ डॉलर आहे आणि वकिलाचा खर्च त्याच्या कित्येक पट. अवाजवी विलंब झाला असे ठरले तर न्यायालय 'निर्णय द्या' असे सांगू शकते. 'व्हिसा द्या' असे सांगत नाही. २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल दिला. तो खटला नाकारलेल्या व्हिसाचा होता, विलंबाचा नव्हता; तरीही दाव्याचा विचार करताना वकिलाला त्याविषयी विचारा. माझे व्यक्तिगत मत असे की आपले कागद निर्दोष असतील तरच त्या वाटेला जावे. आम्ही गेलो नाही, कारण आमच्या विलंबाचा एक मोठा हिस्सा मीच घडवलेला होता आणि ते समोरच्या वकिलाने पहिल्याच पानावर लिहिले असते.

तुमच्या लग्नाला पुढच्या जानेवारीत दोन वर्षे होतील असे दिसते. अमेरिकेत प्रवेश करताना ती पूर्ण झालेली असतील तर ग्रीन कार्ड सशर्त दोन वर्षांचे न मिळता दहा वर्षांचे मिळते आणि अट काढून घेण्यासाठी आय-७५१ चा वेगळा अर्ज करावा लागत नाही. व्हिसावर जुना, म्हणजे सशर्त कार्डाचा वर्ग छापला गेला असेल तर विमानतळावरील अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून तसे सांगा. या प्रतीक्षेतून मला मिळालेली ही एकच सोय होती.

नवा पासपोर्ट हाती आला की वकिलातीला एकच ईमेल करा. विषयात बीएमबीने सुरू होणारा प्रकरण क्रमांक, पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहा. मजकूर इतकाच पुरे: माझ्या पासपोर्टची मुदत संपत आल्यामुळे मी नवा पासपोर्ट घेतला आहे, माझ्या नावात, जन्मतारखेत किंवा पत्त्यात कोणताही बदल झालेला नाही, जुना क्रमांक अमुक, नवा क्रमांक तमुक, दोन्हींच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. पाठवण्यापूर्वी दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, आणि छपाईची चूक आढळली तर ईमेल पाठवण्याआधी मुंढव्याला जाऊन ती दुरुस्त करून घ्या.