‘अबाइड विथ मी’ फक्त दफनविधीलाच गायचं का?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. आभाराच्या उपासनेत ‘अबाइड विथ मी’ (‘माझ्यासोबत राहा’) हे इंग्रजी भक्तिगीत गावं, अशी बाबांची इच्छा आहे. काकू-आत्या म्हणतात, ते मयताचं गीत, शुभकार्यात नको. काय करावं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, बाबांचं ऐका.

आत्याबाईंचं मन मी समजू शकतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी ऑर्गन वाजवतो आणि दफनविधीला हेच गीत सर्वांत जास्त मागितलं जातं. त्यात ते लिहिणारे पाळक हेन्री फ्रान्सिस लाइट स्वतःही मरणाच्या दारात होते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं ब्रिक्सहॅम हे मासेमारीचं बंदर, तिथल्या कोळ्यांमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षं सेवा केली. क्षयानं छाती पोखरलेली. 1847 मध्ये उबदार हवेसाठी ते दक्षिणेकडे निघाले, पण 20 नोव्हेंबरला नीस इथं वारले. वय 54. हे गीत त्यांच्या त्या अखेरच्या महिन्यांशी जोडलेलं आहे, म्हणून त्याला मरणाचा वास लागला.

पण गीताचं मूळ कुठं आहे पाहा. लूककृत शुभवर्तमान, अध्याय 24. दिवस येशूच्या पुनरुत्थानाचा. येशूचा शिष्य क्लयपा आणि त्याचा सोबती खचलेल्या मनानं अम्माऊसकडे चालले आहेत, यरुशलेमेपासून सुमारे 11 किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत येतो. गाव येतं, तो पुढं जाऊ लागतो, तेव्हा हे दोघं त्याला आग्रहानं थांबवतात : दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा. मग जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो आणि त्यांना प्रभूची ओळख पटते. लाइटनी गीताची पहिली ओळ इथून घेतली. म्हणजे हे पाहुण्याला घरात बोलावणं आहे, तेही ईस्टरच्या संध्याकाळी! पन्नास वर्षं एका ताटाशी बसलेल्या जोडप्यानं ते गाऊ नये, तर कोणी गावं?

मूळ गीताला आठ कडवी आहेत, आपण बहुधा पाचच गातो. गळालेल्या एका कडव्यात लाइट म्हणतात, बालपणीच तू माझ्याकडे पाहून हसलास, मी तुला वारंवार सोडलं, तू मला सोडलं नाहीस. या माणसाला लहानपणी वडिलांनी टाकलं होतं, आई गेली होती, शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला आपल्या घरात घेतलं. हे कळल्यापासून मला ते कडवं गळ्यात आवंढा आल्याशिवाय म्हणता येत नाही. दुखणं काढून घे, अशी विनंती गीतात कुठंच नाही. लाइट फक्त सोबत मागतात. विश्वास म्हणजे काय, हे मला प्रवचनांपेक्षा या गीतानं जास्त शिकवलं.

आत्याबाईंना हेही सांगा, की 1927 पासून इंग्लंडमध्ये एफए कप फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी भरलं मैदान हे गीत गातं. गांधीजींचंही ते आवडतं होतं.

आता वाजवण्याबद्दल. प्रचलित चाल विल्यम हेन्री मंक यांची, 1861 ची. ऑर्गनवाल्यांना सांगा, लय ओढू नका. रडका सूर बहुतेक वेळा लयीमुळं येतो. बालपणाचं ते कडवं छापून सगळ्यांच्या हाती द्या. आणि गीताआधी लूक 24 मधला तो भाग वाचायला आत्याबाईंनाच उभं करा.