'खश्मल' : विजेचा शब्द जुना, की वीज जुनी?

प्रश्न असा आहे : हिब्रूमध्ये विजेला 'खश्मल' म्हणतात आणि हा शब्द बायबलमध्येही आढळतो, मग त्या काळी या शब्दाचा अर्थ काय होता, आणि रोजचे हिब्रू शब्द शिकताना असे मूळ पाहण्याचा काही उपयोग होतो का?

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील पहिल्याच प्रकरणात, वादळी ढगातून प्रकटलेल्या अग्नीच्या मध्यभागी 'खश्मल'सारखे काहीतरी झळकत होते, असे वर्णन आहे (1:4). हा पदार्थ नेमका कोणता, यावर जुन्या भाष्यकारांत एकमत नव्हते. ज्यांनी बायबल ग्रीकमध्ये आणले, त्या प्राचीन भाषांतरकारांनी तेथे 'एलेक्त्रोन' हा शब्द घातला. ग्रीकमध्ये त्याचे दोन अर्थ होते : सोन्यारुप्याचा मिश्रधातू आणि तृणमणी, म्हणजे झाडाच्या डिंकाचा अश्मीभूत पिवळसर खडा. हा खडा घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. विल्यम गिल्बर्टने 1600 मध्ये याच गुणावरून लॅटिनमध्ये 'इलेक्ट्रिकस' हे विशेषण योजले आणि 'इलेक्ट्रिसिटी' पुढे त्यातूनच निघाली. एकोणिसाव्या शतकात हिब्रूत विजेसाठी शब्द हवा झाला, तेव्हा कवी यहूदा लेब गॉर्डन याने ही वाट उलट दिशेने चालून 'एलेक्त्रोन'च्या जागी मूळचा 'खश्मल' परत आणला. शब्द जुना आहे, अर्थ मात्र जेमतेम दीडशे वर्षांचा.

याला शेजारचा एक दाखला जोडावासा वाटतो. अरबीत विजेला 'कहरबा' म्हणतात. तो फारसी 'काह-रुबा', म्हणजे 'काडी पळवणारा', या तृणमण्याच्याच नावावरून आला. आपल्या 'तृणमणी' या शब्दातही तेच निरीक्षण आहे, पण मराठीने विजेसाठी खड्याकडे न पाहता आभाळाकडे पाहिले आणि 'विद्युत्'पासून आलेली 'वीज' घरातल्या तारेत आणली. माझ्या मते आपली निवड अधिक सरळ आहे, हिब्रूची अधिक गमतीची.

यहेज्केलच्या त्याच दर्शनात चाके आहेत आणि चाकाला तेथे 'ओफान' म्हटले आहे. आजची सायकल म्हणजे 'ओफनाइम', अर्थात 'दोन चाके'. डोळे, हात, पाय अशा जोडीच्या वस्तूंना लागणारा 'आइम' हा द्विवचनाचा प्रत्यय सायकलीला अगदी शोभून दिसतो. द्विवचन केवळ संस्कृतच्या तासाला भेटलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे विशेष अप्रूप वाटावे.

टोमॅटोची कथा जरा अवघड आहे. जर्मनमध्ये त्याला 'प्रेमाचे सफरचंद' असे एक नाव होते. त्या धर्तीवर येखिएल मिखल पिनेस याने कामवासनेच्या अर्थाच्या धातूवरून 'अग्वानिया' हा शब्द बनवला. आधुनिक हिब्रूचा प्रमुख प्रवर्तक एलिएझर बेन-यहूदा (1858-1922) याला तो असभ्य वाटे, म्हणून त्याने अरबीच्या आधाराने 'बादुरा' सुचवला. बाजारात मात्र 'अग्वानिया' टिकला आणि आज तो उच्चारताना कोणी लाजत नाही. बेन-यहूदाचे इतर शब्द चांगले रुजले : 'मिला' म्हणजे शब्द, त्यावरून शब्दकोशाला 'मिलोन', 'एत' म्हणजे काळ, त्यावरून वर्तमानपत्राला 'इतोन'. आइस्क्रीमला त्याने 'ग्लिदा' म्हटले. आकाशातून उतरलेला मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, जमिनीवरच्या हिमकणांसारखा बारीक होता, या बायबलच्या 'निर्गम' ग्रंथातील वाक्याच्या (16:14) अरामी, म्हणजे हिब्रूच्या नात्यातल्या एका प्राचीन भाषेतील, भाषांतरात हिमकणांसाठी हाच शब्द आहे.

तेव्हा मूळ पाहण्याचा उपयोग होतो, पण तो शब्द लक्षात ठेवण्यापुरता. धातू कळला की 'मिला' आणि 'मिलोन' एकत्र स्मरणात राहतात. परंतु जुन्या अर्थावरून आजचा अर्थ ताडू गेल्यास फसगत होते. त्याची दोन उदाहरणे भारताशीच निगडित आहेत. बायबलमधील एस्तेरच्या ग्रंथात (1:6) राजवाड्यातील पडद्यांच्या वर्णनात येणारा 'कर्पस' हा संस्कृत 'कर्पास'चा, म्हणजे आपल्या 'कापसा'चा, नातेवाईक आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या ताटातली 'कर्पस' नावाची पालेभाजी मात्र निराळ्या मुळाची. दुसरे उदाहरण शलमोन राजाकडे जहाजांतून येणाऱ्या 'तुकीयीम' पक्ष्यांचे. अनेक अभ्यासक त्याचा संबंध मोरपिसाऱ्याच्या 'तोकै' या तमिळ शब्दाशी जोडतात आणि ते मोर होते असे मानतात. पण आज इस्रायलमध्ये 'तुकी' म्हणजे पोपट. मोर हवा असेल, तर 'तवास' म्हणावे लागते.