टाचेनं शोधलेली नळी

मिरजेत 34 वर्षं लोकांचे दात भरले, काढले, बसवले. 2019 साली दवाखाना बंद केला, पण हातातली हत्यारं काही सुटेनात. तेव्हापासून त्याच हत्यारांनी प्लॅस्टिकची विमानं आणि जहाजं जुळवते. फरक एवढाच, की हे पेशंट ओरडत नाहीत; ओरडते ती मी. गेल्या अंकात संपादकांनी ‘छोट्या प्रतिकृतींबद्दल काहीही विचारा’ असं छापलं आणि लोकांनी खरंच काहीही विचारलं. त्यातली ही काही पत्रं.

नमस्कार डॉक्टर. 1/72 च्या (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मिग-21 ची नाकावरची लांब नळी चिमट्यातून उडाली. दोन दिवस घर पालथं घातलं. पत्नी म्हणते, केरात गेली. काय करू?
— चिपळूण

आधी काय करायचं नाही ते सांगते: उठायचं नाही. तुकडा उडाला की माणूस ताडकन उभा राहतो, मांडीवर पडलेला तुकडा खाली जातो आणि मग पायाखाली. जागचे हलू नका, कान द्या. ‘टिक’ वाजलं तर फरशी. काहीच वाजलं नाही तर तुमचे कपडे नाहीतर गालिचा. मग खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च फरशीवर आडवा ठेवून पेटवा. एवढ्याशा तुकड्याचीही सावली बोटभर लांब पडते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधा. सोनारगल्लीतला झारेकरी गटारातल्या मातीतून सोनं काढतो, त्या नजरेनं शोधा. पुढच्या वेळेपासून एप्रनची खालची कड चिमट्यांनी टेबलाला अडकवून बसा. उडालेलं सगळं झोळीत पडतं.

माझीही हीच नळी उडाली होती. तीन आठवड्यांनी सापडली, ह्यांच्या टाचेला. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातून जो आवाज आला, त्यावरूनच मी ओळखलं. तोवर मी इंजेक्शनच्या 30 गेजच्या सुईची नवी नळी करून बसवलीसुद्धा होती. ती जेमतेम 0.3 मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या विमानावर दोन सेंटीमीटरच्या आसपास. किटमधल्या नळीपेक्षा ती कितीतरी सुबक दिसते. तुम्हीही नवी करायला घ्या. जुनी त्याच दिवशी सापडेल, याची मी जवळजवळ हमी देते.

मॅडम, पंखाच्या मुळाशी फट राहिली. पुट्टी भरली, घासली, रंग दिला. आठ दिवसांनी तिथं पुन्हा खळगा. पुट्टी खराब असेल का?
— बार्शी

पुट्टी चांगली आहे, घाई तुमची आहे. पुट्टीतला द्राव उडून जातो तशी ती आकसते. जाड थर एकदम भरला तर वरून वाळलेला दिसतो आणि आत ओलाच राहतो. पातळ थर द्या, रात्रभर सोडा, पुन्हा द्या. फट मोठी असेल तर आधी प्लॅस्टिकची पट्टी कापून आत सारा, पुट्टी फक्त वरून लावा.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. चिकटवण्याआधी पंख नुसता लावून बघितला होता का? मी दातावर कॅप बसवायची तेव्हा तीनदा कोरडी बसवून बघायची, चावायला लावायची, तासायची आणि चौथ्यांदा सिमेंट. निवृत्त झाल्यावर घरी पहिलंच विमान जुळवलं तेव्हा मात्र खोकं उघडल्यापासून दहाव्या मिनिटाला चिकटवायला सुरुवात! आयुष्यभर शिकलेलं सगळं एका खोक्यापुढे विसरले. त्या विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा वर आहे. मी त्याची डावी बाजू भिंतीकडे करून ठेवते.

काचेचं झाकण सुपरग्लूनं चिकटवलं, ते आतून पांढरं झालं. वैमानिक दिसेनासा झाला.
— अकोला

सुपरग्लू वाळताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते, बोटांचे ठसे असतील तिथे तर जास्तच. पोलीस याच वाफेनं ठसे उठवतात. म्हणजे तुमच्याविरुद्ध पुरावा तयार आहे. झाकण हलक्या हातानं सोडवा आणि टूथपेस्ट लावून मऊ कापडानं घासा. पुढच्या वेळी पांढरा फेव्हिकॉल वापरा. वाळला की पारदर्शक होतो. आणि टूथपेस्टचा हा सल्ला एकमेव असा, जो माझ्या पेशंटांपैकी कुणी पाळला.

जुलैत चकचकीत काळा रंग मारला. सकाळी बघतो तर बुरशी आल्यासारखा धुरकट.
— रत्नागिरी

जुलैत, रत्नागिरीत, लॅकर, म्हणजे थिनरमधला झटपट वाळणारा रंग! तुमच्या धाडसाला नमस्कार. थिनर भराभर उडतो, त्यानं पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगात अडकतं. कोरडा दिवस बघून हळू वाळणाऱ्या थिनरचा एक झिरझिरीत हात मारा. बहुतेक वेळा धुरकटपणा निघून जातो. नाहीतर कोकणासाठी माझं साधं पंचांग असं: आषाढ-श्रावणात जुळवा, भरा, घासा. रंगाचा डबा घट बसल्यावर उघडा.

ह्यांच्या पलंगाखाली न उघडलेली चाळीस खोकी आहेत. महिन्याला एक नवं येतं, बनत एकही नाही. विचारलं की म्हणतात, ‘निवृत्तीनंतर करीन.’ तुम्हीच समजवा.
— एक गृहिणी, डोंबिवली

ताई, माझ्याकडे एकतीस आहेत, त्यामुळे मला नैतिक अधिकार नाही. पण तुमच्या माळ्यावर स्टीलची किती भांडी आहेत, तेही लिहून पाठवा.

तरी त्यांना एवढं मात्र सांगा, की किट म्हणजे लोणचं नव्हे, मुरत ठेवून चव वाढत नाही. विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा, म्हणजे डेकलचा, कागद वर्षानुवर्षं पडून पिवळा होतो. तसा झाला असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवा. काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. डोंबिवलीत खिडकीत ऊन येत असेल, असं गृहीत धरते. खिडकीत डेकल लटकताना रोज बघून कदाचित त्यांनाच लाज वाटेल. मला वाटली होती. एक किट उघडलं. मग त्याला लागणारा रंग नव्हता म्हणून बाजारात गेले आणि दोन किट घेऊन आले.

ताई, मी आठवीत आहे. आम्ही दिवाळीत रायगड करतो. दादा म्हणतो, आपला मावळा तटापेक्षा उंच आहे, म्हणजे किल्ला चुकलाय. बरोबर स्केल कसं काढायचं?
— सातारा

दादाला म्हणावं, बरोबर बोललास, आता विटा तू आण.

चल, गणित करू. कुंभाराकडचा मावळा साधारण साडेसात सेंटीमीटरचा. खरा माणूस 165 सेंटीमीटर धर. भागाकार आला 22, म्हणजे तुझा मावळा 1/22 चा. आता रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर. समुद्रापासूनच सुरुवात करायची म्हटलीस तर 820 भागिले 22, म्हणजे 37 मीटर. बारा मजली इमारत! माती चाळायला अख्खी शाळा लागेल.

उलटं करून बघ. किल्ला 82 सेंटीमीटरचा, अंगणात मावेल असा. मग स्केल 1/1000 आणि मावळा दीड मिलिमीटरहून किंचित मोठा. म्हणजे मोहरी. मोहऱ्यांना ढाल-तलवार कशी देणार? शिवाय तू आळीव पेरशील, ते पाच सेंटीमीटर वाढतील आणि रायगडावर पन्नास मीटर उंचीचं जंगल होईल.

तेव्हा डोळ्याला फसवायचं. सगळ्यांत मोठे मावळे पायथ्याशी, मधले मध्यावर, इवलेसे माथ्यावर. वाट खाली रुंद आणि वर निमुळती होत जाऊ दे. खालचा दरवाजा तेवढा मोठ्या मावळ्याला मान न वाकवता जाता येईल असा कर, कारण बघणाऱ्याची नजर आधी दरवाजावर जाते. वरचा तट बोटभर उंचीचा चालेल. बघणाऱ्याला माथा लांब आहे असं वाटतं आणि किल्ला आपोआप उंच होतो.

आणि सिंहासनावरचे महाराज मात्र मोठेच ठेव, अगदी पायथ्याच्या मावळ्यापेक्षाही. तिथे स्केल लावायचं नाही. यावर दादाशी वाद घालायला मी साताऱ्याला यायला तयार आहे.

आमच्या लहानपणी मिरजेच्या वाड्यात रायगडाच्या पायथ्याशी एसटी स्टँड होता. गुहेतला वाघ गुहेपेक्षा मोठा, म्हणून त्याचं अर्धं अंग कायम बाहेर. शेजारच्या काकांनी विचारलं, “हा वाघ असा का?” माझा भाऊ म्हणाला, “बसची वाट बघतोय.”

1/72, 1/48, 1/35... सरळ 1/50, 1/100 का नाही? इंजिनिअर माणसाला त्रास होतो.
— इचलकरंजी

1/72 म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. 1/48 म्हणजे एका फुटाला पाव इंच. इंचवाल्यांच्या डोक्यातून निघालेले सरळ हिशेब आहेत. 1/35 ची गोष्ट मात्र मला फार आवडते. जपानच्या तामिया या किट बनवणाऱ्या कंपनीनं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात, म्हणून अंग त्या मापानं केलं. मग मोजलं तर ते 1/35 च्या आसपास भरलं. खप इतका झाला की पुढचे रणगाडे त्याच मापात आले आणि बाकीच्या कंपन्याही मागोमाग गेल्या. आज जगभर सैनिक, जीपगाड्या, पडक्या भिंती, सगळं त्या बॅटऱ्यांच्या मापानं बनतं. तुमचा त्रास कमी झाला नसणार, पण निदान कारण कळलं.

माझ्या विमानावर पत्रे जोडणारा एकही रिव्हेट दिसत नाही, असं एका जाणकारानं सांगितलं. तेव्हापासून झोप नाही.
— पुणे

पाच मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं 1/72 मध्ये 0.07 मिलिमीटर होतं. जाणकाराला ते दिसत असेल तर त्यांना माझ्याकडे नाही, माझ्या नेत्रतज्ज्ञ मैत्रिणीकडे पाठवा. तिला अभ्यासाला मिळेल. उलट किटवर कोरलेली पत्र्यांच्या जोडाची 0.3 मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर दोन सेंटीमीटरची फट होईल. त्यातून वैमानिकाचा चमचा खाली पडेल. त्याबद्दल जाणकार काही बोलले का? झोपा.

कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान जुळवलं, रंगवलं, डेकल लावले. टेबलावर ठेवलं तर शेपटीवर बसलं. नाक आता बंद आहे.
— नागपूर

सूचनापत्रात ‘नाकात वजन घाला’ असं लिहिलेलं असतं. आपण सूचनापत्र औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचतो, त्रास झाल्यावर.

मासेमारीचे शिशाचे मणी आधीच आत घालायचे असतात. माझ्याकडे जुन्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटातल्या शिशाच्या पत्र्यांची बरणी भरून आहे. गोळा करून नाकात जातो, पट्ट्या कापल्या की वैमानिकाचे सीटबेल्ट होतात. (शिसं हाताळल्यावर हात धुवायचे आणि ते कधीच घासायचं नाही.) आता तुम्ही पुढच्या चाकाच्या खोबणीत आतून बारीक भोक पाडून बघा, मणी एकेक सरकवा, वरून सुपरग्लूचा थेंब. काचेच्या नाकाजवळ सुपरग्लू नको, अकोल्याचं उत्तर वाचलं असेलच. तेही नको असेल तर चाकं लाकडी पाटीला चिकटवून टाका.

हवाई दलात हे विमान 50 वर्षं तीन चाकांवर नीट उभं राहिलं. माझ्या कपाटातलं मात्र शेपटीखालच्या पारदर्शक काडीवर उभं आहे. आल्यागेल्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. फक्त परवा ह्यांनी चष्मा लावून जवळून पाहिलं आणि विचारलं, “ही माझ्या टूथब्रशची दांडी ना?”